बुडीचा दगड

सोमवार, ४ मे १९९८

आज दुपारी बेटावर पोहोचलो. बोट धक्क्याला लागताच अनेझिनाने, माझ्या बायकोने, आधी शेळीला उतरवलं आणि मग मला हात दिला. म्हणाली, तुझ्यापेक्षा तीच धीट निघाली. खोटं नाही. एकोणपन्नास वर्षं समुद्र मी डोंगरावरून पाहिला आणि वर्षातून एकदा, स्वर्गारोहणाच्या सणाला, पायाला लावला. त्याच्या पाठीवर असा आजच बसलो.

आयोस निकोलासचं, म्हणजे संत निकोलासचं, चर्च एवढंसं आहे. वीस माणसं आत उभी राहिली तर एकविसाव्याने बाहेर थांबावं. त्याच्या पाठीला लागून आमच्या दोन खोल्या. मी इथला नवा सेवेकरी. घंटा, दिवे, झाडलोट, आणि फादर सावास बंदरातून आले की त्यांच्यासोबत स्तोत्रं गाणं. आमच्या डोंगरातल्या गावी हेच करत होतो, पण तिथे ऐकायला चार म्हातारे उरले होते. या हिवाळ्यात दोन झाले.

घराखाली खडकात एक घळ आहे. एकेचाळीस पायऱ्या कोरलेल्या, शेवटच्या पायरीशी लोखंडी कडी. तिन्ही बाजूंनी कातळ आणि मध्ये समुद्राचं पाणी, इतकं नितळ की तळाचे दगड दिसतात. गावातली माणसं इथेच पोहतात. अनेझिनाच्या गुडघ्यांसाठी तर ही जागा मागून घेतली. डॉक्टरने सांगितलंय, रोज खाऱ्या पाण्यात उतरायचं, नाहीतर दोन वर्षांनी काठीही पुरायची नाही.

शेजारच्या सेवास्तीने, इथे तिला थिया म्हणजे मावशी म्हणतात, पाव आणि ऑलिव्ह आणून दिले. सत्तरीची विधवा, जिभेला धार. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, बिशपने डोंगरातला बोकड पाठवलाय, निदान गातो तरी का नीट? गाऊन दाखवलं. ऐकून म्हणाली, बोकड बरा.

ही वही अनेझिनाने दिली. तू बोलत नाहीस ते निदान लिही, म्हणते.

शनिवार, ९ मे

घळीत रोज सकाळी एक म्हातारा बसलेला असतो. बार्बा मिकेस, म्हणजे मिकेसकाका. एक पाय वाकडा, मांडीवर दोरीचं वेटोळं. दोरीने काही बांधत नाही, नुसती हातातून फिरवत राहतो, मी जपाची माळ फिरवतो तशी. चाळीस वर्षं त्याने स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांची दोरी धरली. पाणबुड्या एक सपाट दगड कवेत घेऊन उडी टाकायचा. दगडच त्याला तळाला न्यायचा. दगडाच्या भोकातून ओवलेली दोरी वर मिकेसच्या हातात. एक झटका आला की दोरी सोडायची, दोन आले की ओढायचं. दुसऱ्याच्या श्वासावर जेवलो बघ मी, असं म्हणाला आणि हसला.

अनेझिनाने आज पोटरीपर्यंत पाय बुडवले. मिकेस म्हणाला, पाणी चावत नाही गं बाई, आणि चावलंच तर आधी नवऱ्याला चावेल, तो जाडा आहे.

दोन परदेशी पोरी पोहायला आल्या होत्या. जाताना पिशवीत शंख आणि गोटे भरले. मिकेसने पिशवी घेतली, उलटी करून सगळं पाण्यात टाकलं आणि त्यांना म्हणाला, इथे पोहायचं, इथून न्यायचं काही नाही. पोरी रागावल्या. मला मात्र त्याचं पटलं. फिरायला येणाऱ्यांना मोकळं सोडलं तर डोंगरही पिशवीत घालून नेतील.

तळाशी सपाट दगड आहेत, चौदा-पंधरा, सगळे एका ओळीत. त्यांच्यावर हिरवं शेवाळ केसांसारखं हलतं. झोपलेली मेंढरं वाटतात.

रविवार, १७ मे

आज अनेझिना पोहली. मिकेसने तिच्या कमरेला दोरी बांधली आणि टोक माझ्या हातात दिलं. धरायचं कसं तेही शिकवलं. घट्ट नाही, सैल नाही, पोरीचा हात धरतो तशी. आम्हाला पोर नाही हे त्याला माहीत नव्हतं. अनेझिनाने पाण्यातून माझ्याकडे पाहिलं आणि जीभ काढून दाखवली.

मांजरीसारखं तोंड पाण्याबाहेर ठेवून ती या कातळापासून त्या कातळापर्यंत गेली आणि आली. वर येताना सगळ्या पायऱ्या काठीशिवाय चढली. मी मागून मोजत होतो.

अंगणातल्या द्राक्षवेलीची एक फांदी दारात आडवी येते. छाटणार होतो, पण थांबलो. पास्काच्या, म्हणजे ख्रिस्त उठला त्या रात्री सुटलेले आत्मे पन्नासाव्या दिवशीच्या पेंटेकॉस्टपर्यंत मोकळे फिरतात, वेलींवर बसतात, म्हणून आई या पन्नास दिवसांत विळा लावू देत नसे. सेवास्तीकडेही तेच पाळतात. पेंटेकॉस्टच्या आदल्या शनिवारी उकडलेले गहू देऊन त्यांना परत पाठवतात. म्हणजे आम्ही वाकूनच दारातून ये-जा करायची. बसोत बिचारे.

गुरुवार, २८ मे. स्वर्गारोहण

आमच्या गावाहून समुद्र खेचरावर दोन तासांच्या वाटेवर. तरी या दिवशी आई पहाटे निघायची. बाटलीत चाळीस लाटांचं पाणी आणायची आणि समुद्रातला एक केसाळ दगड, शेवाळ असलेला. तो वर्षभर बिछान्याखाली ठेवायचा. घरात आजार राहत नाही. आणि जो पहिला जाईल, त्याच्या दगडाला जास्त गुण.

म्हणून मीच पहिला उतरलो, उजाडता उजाडता. वाटलं होतं गर्दी असेल. घळीत कुणी नव्हतं, सगळे पश्चिमेच्या वाळूकडे गेले होते. मी मनात म्हटलं, आयोस निकोलासने आपली वाट मोकळी ठेवली.

छातीइतक्या पाण्यात उभा राहून ओळीतला एक दगड पायाने चाचपला. वाकून उचलला. सपाट, अरुंद टोकाला भोक, शेवाळाची दाढी चांगली वीतभर. वजन वर्षाच्या कोकराएवढं. छातीशी धरून सगळ्या पायऱ्या चढलो. वाटेत सेवास्ती भेटली, तिच्या हातात अंड्याएवढा गोटा. माझ्या दगडावर मी सदरा टाकला होता, लाज वाटली म्हणून. ती म्हणाली, सदऱ्यात काय लपवलंयस रे, मासा की बाई?

अनेझिनाच्या बाजूला पलंगाखाली ठेवला. सगळ्या बेटावर तिचाच दगड मोठा असेल. हा गर्व आहे हे कळतं. देव क्षमा करील.

शनिवार, ३० मे

दगड अजून वाळला नाही. दोन दिवसांत शेवाळ सुकून कुरकुरीत व्हायला हवं होतं. उलट दाढी ओली आहे आणि खालच्या फरशीवर पाणी. अनेझिना म्हणते, वास छान येतो, बिछान्यात समुद्र आल्यासारखा.

दुपारी ती झोपली होती. मी शेजारी बसून जप करत होतो, दर जपाला माळेची एक गाठ. मग लक्षात आलं, तिचा श्वास ऐकू येत नाही. प्रभू येशू ख्रिस्ता, माझ्यावर दया कर. माळेच्या अकरा गाठी झाल्या, मग तिने श्वास घेतला. झोपेत होतं कधी कधी असं.

मंगळवार, २ जून

सव्वीस गाठी.

हलवून उठवलं. हसत उठली. म्हणाली, इतकी शांत झोप लग्नापासून लागली नव्हती. गुडघे अजिबात दुखत नाहीत. संध्याकाळी घळीत गेली आणि तोंड बुडवायला घाबरणारी ही बाई डोकं खाली करून सरळ तळाकडे गेली. मी पायरीवर उभा. ओळीतल्या रिकाम्या जागेशी घुटमळली. हाताने चाचपत होती, अंधारात पलंग चाचपतो तशी.

वर आल्यावर विचारलं, काय शोधत होतीस? म्हणाली, मी? काही नाही.

शेळी दाव्यासकट निघून गेली होती. सेवास्तीच्या गोठ्यात सापडली. परत यायला तयार नाही.

बुधवार, ३ जून

चौसष्ट. तिचे ओठ निळे होते. बोटांची कातडी सुरकुतलेली, तासन्‌तास पाण्यात असावी तशी, आणि आज ती पाण्यात उतरलीच नव्हती.

बंदरावरच्या डॉक्टरने तपासलं. छाती तरुण पोरासारखी आहे म्हणाला.

गुरुवार, ४ जून

मिकेस आज वर आला. वाकड्या पायाने सगळ्या पायऱ्या चढून. आठवडाभर तापाने घरी पडून होता, आज घळीत उतरला आणि त्याला ओळीतली रिकामी जागा दिसली. दारातूनच म्हणाला, सेवेकऱ्या, चौथा दगड कुठे आहे?

दाखवला. तो खाली बसला. दाढी बाजूला करून दगडावर बोट फिरवलं. शेवाळाखाली अक्षरं कोरलेली होती. मी पाहिलीच नव्हती.

मग सांगितलं. सांगताना माझ्याकडे पाहत नव्हता. हे दगड पाणबुड्यांचे. जे वर आले नाहीत त्यांचे. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ माणसं राहिली, वर आले ते दगड. बायकांनी ते घळीत ठेवले. शवपेटी नाही, कबर नाही, दगड हेच घर. पोरं त्यांच्यावरून पोहतात, किंचाळतात, ते त्यांना आवडतं. हा चौथा नोमिकोसचा. त्याची दोरी मिकेसच्या हातात होती. दोन झटके आले होते. मिकेसला वाटलं, प्रवाह आहे. जरा थांबला. नुसता दगड वर आला.

मी म्हणालो, मला कुणी सांगितलं नाही. तो म्हणाला, सांगितलं होतं. तुझ्यासमोर त्या पोरींना सांगितलं होतं.

मला वाटलं होतं, ते त्यांच्यासाठी आहे.

पास्कापासून तेही मोकळे आहेत, म्हणाला. शनिवारी गहू टाकले की सगळे आपापल्या दगडाखाली जातील. ज्याचा दगड जागेवर नाही त्याने कुठे जायचं? तो दगडामागे आला. तुझ्या घरात आला. दगडाच्या वर जो श्वास झोपतो, त्यात आला.

अनेझिना चुलीपाशी कॉफी करत होती. सगळं ऐकलं तिने. मिकेससमोर कप ठेवला आणि म्हणाली, साखर नको ना तुला, कधीच नसते.

त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. त्याने कप न उचलता बाजूला सारला.

शुक्रवार, ५ जून

दगड आम्ही दोघांनी खाली नेला. भोकात दोरी ओवली. जिथून उचलला तिथेच मी छातीइतक्या पाण्यात उभा राहिलो. ओळ दिसत होती, रिकामी जागा दिसत होती. दगड नेमका तिच्यावर सोडला.

तो त्या जागेतून खाली गेला.

दोरी सुटत राहिली. दोन्ही हात पसरले की एक वाव. तीन वाव, सात वाव, बारा वाव. दोरी संपली. तळ लागला नाही. आणि माझे पाय तळावर होते.

ओढून वर घेतला. मिकेस म्हणाला, मला वाटलंच होतं. दगड एकटा जात नाही. माणूस त्याला नेतो.

फादर सावास यांच्याकडे माणूस पाठवला. ते उद्या येतीलच. आत्म्यांचा शनिवार आहे. निरोप आला, घाबरू नका, उपास धरा, पवित्र पाणी शिंपडा. शिंपडलं. फरशी आधीच ओली होती.

दुपारी पूर्ण माळ झाली. शंभर गाठी. तिची छाती हलली नाही. मी तोंडाने तिच्यात हवा भरली. तोंड खारट.

शुद्धीवर आल्यावर रडली. या दिवसांत पहिल्यांदा ती, तीच होती. माझा सदरा धरून म्हणाली, याकूमी, खाली फार माणसं आहेत रे, आणि सगळे गप्प आहेत.

उद्या मीच दगड घेऊन जाईन. मला पोहता येत नाही, पण बुडायला पोहता यावं लागत नाही. पाप मी केलं, मोठ्या दगडाचा हव्यास माझा. मिकेसला म्हटलं दोरी धर. त्याने नाही म्हटलं. एकदा उशीर केला, आता पुन्हा ही दोरी हातात धरणार नाही, म्हणाला. मग अनेझिना धरेल. तिला माहीत आहे आता. घट्ट नाही, सैल नाही.

शनिवार, ६ जून. आत्म्यांचा शनिवार

सकाळी सगळं गाव आलं. उकडलेले गहू, डाळिंब, साखर. फादरांनी बुडालेल्यांची नावं वाचली. मी मागून गायलो, प्रत्येक नावानंतर. चौथं नाव, नोमिकोस. बायकांच्या रांगेतून अनेझिनाने ओ दिली, सहज, घरातून हाक मारल्यावर देतात तशी.

कुणी मागे वळून पाहिलं नाही. सगळ्यांना ऐकू आलं आणि कुणी पाहिलं नाही.

गहू घळीत टाकले. पाण्यावर तरंगले. चौदा दगडांवरचे हळूहळू बुडाले. रिकाम्या जागेवरचे तसेच राहिले. सेवास्तीने क्षणभर माझा दंड धरला. मग डोक्यावरचा रुमाल ओढून निघून गेली. फादर दुपारच्या बोटीने गेले.

दुपारी

दिवे विझवायला चर्चमध्ये गेलो. एवढाच वेळ. परत आलो तर पलंगाखाली दगड नाही, आणि दारापासून पाण्याचे

ती शेवटच्या पायरीवर होती. दगड कवेत, पोराला घेतात तसा. भोकात दोरी, दुसरं टोक कडीला बांधलेलं. ती गाठ तिला कुणी शिकवली? मी हाक मारली. धावलो. तिने दोरीचा मधला भाग माझ्या हातात दिला. डोळे तिचे नव्हते. नाही, डोळे तिचेच, पाहणारा

म्हणाली, सैल सोड, मिकेस.

आणि गेली. आवाजही झाला नाही.

धरायला हवं होतं. माझा हात दोरीवर गेला, तिच्यावर नाही. दोरी दिली तर मी दोरी धरली.

बारा वाव संपले, दोरी कडीवर ताणली. वही खिशातच होती, तिच्यावर मोजतो आहे, नाहीतर चुकेन. माळ डाव्या हातात. प्रभू येशू ख्रिस्ता, माझ्यावर दया कर.

१००

२०० — बुडबुडा नाही

तळ दिसतो. दगड दिसतात. चौदाच. ती दिसत नाही.

३०० — मिकेस वर, मधल्या पायरीवर आला आहे. खाली येत नाही. विचारतो, झटका आला का? नाही म्हटलं. म्हणतो, आला की प्रवाह समजू नकोस. पुन्हा तेच म्हणतो. रडतो आहे.

३४० — झटका. एक. दोरी सोड म्हणते. दोरी उरलेली नाही

४०० —

आयोस निकोलासा, तुझ्या दारात दिवा मी

दोन झटके. दोन. चूक नाही, दोन

ओढतो आहे. जड. दगड आणि बाई मिळून इतकं जड नसतं. कडीला वेढा दिला, दम घेतो. कुणाला तरी कळावं म्हणून लिहितो. सहा वाव आली. हात सोलले.

गहू बुडाले. सगळे.

दोरीवर हात दिसतो आहे. मोठा, पांढरा, शेवाळ लागलेला. तिचा नाही. तिचा त्याच्याखाली, वावभर खाली. अंगठी दिसते. ती धरून आहे. जिवंत आहे, बोटं हलतात

दोरी एकच. तिला घ्यायचं तर आधी तो येणार

मिकेस ओरडतो आहे, नोमिकोस, नोमिकोस, ओढ त्याला. हसतो आहे की

वेढा सोडला. ओढतो. आधी तो. मग ती. प्रभो दया कर, आधी तो

डोकं वर आलं. माझ्याकडे पाहत नाही, वर मिकेसकडे. पायरीवर हात टेकला त्याने. त्याच्याखाली दोरी

हलकी —